शेवंतीचं माप

माणसानं शहाणं असावं, पण खिशात मोजपट्टी घेऊन फिरणारं शहाणपण देवानं कुणाच्या शेजाऱ्याला देऊ नये. माझ्या शेजाऱ्याला ते दिलं होतं. कोंडाजी हवालदार त्यांचं नाव. देवळाली कॅम्पातल्या तोफखान्यात खेचरं सांभाळण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. चौऱ्याहत्तर साली पेन्शन घेऊन ते संसरीला घरी आले आणि तेव्हापासून आमच्या आळीत कुणाला सुखानं वाकडं उभं राहता येईना. मी दारात बाज टाकून पडलो की हे थांबून सांगणार, "वाल्मीक, बाज भिंतीला धरून नाही." माझी बाज, माझी भिंत! तरी मी उठून ती सरळ करायचो, आणि याचाच मला जास्त संताप यायचा.

त्यांच्याकडे शेवंती नावाची घोडी होती. पांढरीशुभ्र, नाकपुडीवर एक गुलाबी डाग. कॅम्पात, नाशिक रोडला, भगूरला वरातीसाठी तिलाच मागणी असायची. दुसऱ्या घोड्या बँड वाजला की नाचत, फटाका फुटला की उधळत. शेवंतीचा कानसुद्धा हलायचा नाही. हवालदार समोर येऊन "सावधान" म्हणाले की चारही पाय रेषेत, मान ताठ, नजर समोर. नवरदेव घाबरून हलेल पण घोडी हलायची नाही, असं लोक म्हणायचे. हवालदारांना त्याचा भारी अभिमान. "पाच वर्षं झाली," ते सांगायचे, "माझ्यासमोर तिनं कधी मान खाली टाकली नाही."

एकोणऐंशी साली घोडी चौदा वर्षांची झाली. जवळपासचे नवरदेव आता फुलं लावलेल्या मोटारीतून मिरवायला लागले होते. बोलावणी यायची ती निफाडची, सिन्नरची. तिथवर डांबरावरून चालून तिचे खूर उलले. जनावरांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, लांबची चाल बंद. न्यायची तर गाडीतून न्या, नाहीतर विकून टाका. विकत घ्यायला एकच माणूस तयार होता, मालेगावकडचा वीटभट्टीवाला. भट्टीवर चौदा वर्षांच्या घोडीचे किती दिवस निघतात, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

म्हणून एके सकाळी हवालदार माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. माझा भाजीपाला वाहायचा टेम्पो होता. "तुझ्या टेम्पोवर घोडीपुरती लाकडी पेटी बांधू," ते म्हणाले. मी हो म्हणालो. तेवढ्या एका शब्दापायी पुढे माझ्या नाकी नऊ आले.

माप घ्यायचा सोहळा तीन दिवस चालला. त्यांच्याकडे पलटणीतली मापाची काठी होती, वर सरकणारी आडवी पट्टी असलेली. घोडीला अंगणात आणायची, "सावधान!" म्हणून ओरडायचं, की ती खांबासारखी उभी. मग हे तिच्याभोवती फिरून मोजणार, आणि मी भिंतीवर खडूनं आकडे लिहिणार. पाव इंचाचा फरक आला की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी आकडे ठरले. लांबी साडेसहा फूट, रुंदी सव्वादोन, उंची सात.

सहादू सुतार डोकं खाजवत म्हणाला, "हवालदार, जरा सैल ठेवू का? वीतभर?"

"सैल चप्पल आणि सैल पेटी, दोन्ही माणसाला पाडतात."

"पन हितं जनावर हाय ना?"

"माझं जनावर आहे," हवालदार म्हणाले. विषय संपला.

पेटी झाली मात्र देखणी. मागच्या बाजूला चढायला पाडायची फळी, पुढे घोडीच्या तोंडासमोर खिडकी, आणि खिडकीबाहेर, माझ्या केबिनच्या पाठीला लागून, हवालदारांना उभं राहायला एक पायरी. निफाडच्या लग्नाला निघालो तेव्हा शेवंती म्यानात सुरी जावी तशी आत गेली. हवालदार पायरीवर उभे राहिले, खिडकीतून तिच्या डोळ्याला डोळा लावून. मी टेम्पो बैलगाडीच्या चालीनं हाकला, देवाशपथ. तरी निफाडला फळी पाडली तर घोडी घामानं निथळत होती. खोकून खोकून तिचे डोळे लाल झालेले. दोन्ही कुशी फळ्यांवर घासून सोलवटलेल्या. दर वळणावर ती इकडून तिकडे आपटत होती आणि पुढच्या खिडकीतून हे महाशय तिला "शाबास" म्हणत होते. वरातीत ती उभी राहिली, पण तिचे गुडघे लटलटत होते ते मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी टेम्पो नुसता सुरू केला, तर ती दावं तोडायला निघाली.

"पेटी लहान झाली," हवालदारांनी निकाल दिला. एवढं ऐकून मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. कसली येतेय! एका टोकावरून उठले ते थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. विंचूरचा एक कांद्याचा ट्रक त्यांनी दिवसभरासाठी ठरवला. सात फूट रुंद, चौदा फूट लांब. मी म्हणालो, "अहो, घोडीला आत लोळवायचंय का?" तर म्हणे, "जवानाला बराक ऐसपैस हवी." पालथ्या घड्यावर पाणी. डोळ्यांवर पोतं बांधून घोडी कशीबशी चढवली आणि ते सिन्नरला निघाले. बडा घर पोकळ वासा. मोहदरी घाटाच्या पहिल्याच वळणावर ती या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली, टेकायला काही नाही, आणि गुडघ्यांवर कोसळली. हवालदार लगाम धरून तिच्यासमोर उभे होते, तेही पडले. पडता पडतासुद्धा "सावधान" म्हणाले, हे ट्रकवाल्यानं मला नंतर सांगितलं. त्या दिवशी सिन्नरचा नवरदेव पायी मिरवला.

आता घोडी कशातच चढेना. सिन्नरचंच दुसऱ्या घरचं एक लग्न हातात होतं, येत्या गुरुवारचं. तिथं शेवंती धड पोचली तर पुढची बोलावणी टिकणार होती. नाहीतर रविवारी मालेगावचा भट्टीवाला न्यायला येणार, असा निरोप येऊन पडला होता. हवालदार दिवसभर काठी घेऊन रिकाम्या पेटीत उभे राहायचे आणि फळ्यांकडे बघायचे. माझा टेम्पो पेटीसकट अडकून पडला होता. मंडईतले माझे बांधलेले व्यापारी दुसऱ्याकडे गेले. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. सोमवारी दुपारी मी ठरवलं, आज जाऊन भांडायचंच.

गेलो तर हवालदार घरी नव्हते. सायकलवरून कॅम्पातल्या कँटीनला गेले होते. गोठ्याच्या सावलीत त्यांच्या बायको यशोदाबाई पाय पसरून बाजरी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी शेवंती. मी तिला ओळखलंच नाही. मान पार खाली, नाक जवळजवळ सुपात. पुढचे पाय फाकलेले, मागचा एक पाय ढिला सोडलेला, खालचा ओठ लोंबतोय. मध्येच तिनं मान लांब करून जमिनीशी फुरफुर केलं आणि नाक मोकळं केलं.

"काकू, घोडी आजारी आहे की काय?"

"आजारी कशाची? हे घरात नसले का ती अशीच ऱ्हाती."

मी पुन्हा एकदा घोडीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. तीन दिवस आम्ही जे माप घेतलं, ते सावधानमध्ये उभ्या घोडीचं! दमलेल्या जिवाला गाडीत मान खाली सोडून खोकायला जागा लागते, वळणावर पाय फाकून तोल धरायला जागा लागते, आणि त्याहून जास्त तोल गेला तर टेकायला जवळ फळी लागते. मी तिथलंच दावं उचललं आणि ती तशी उभी असताना माप घेतलं. पायांची फाक धरून रुंदीला एक गाठ, मान लांब केलेली धरून लांबीला दुसरी. काकू हसत होत्या.

एवढ्यात रस्त्यावर सायकल थांबली आणि बूट वाजले. हवालदारांच्या बुटांना नाळ होती, अर्ध्या आळीला ते ऐकू यायचे. शेवंतीची मान वर, पाय रेषेत. काकू उभ्या, पदर डोक्यावर, सूप हातात. आणि मी? मीही ताठ उभा होतो. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून. स्वतःची इतकी चीड मला जन्मात आली नव्हती.

मी हवालदारांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझी घोडी अशी उभी राहत नाही."

"तुमच्यासमोर राहत नाही!" मी ओरडलो. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. "तुम्ही घोडी मोजलीच नाही, हवालदार. तुम्ही तुमचा दरारा मोजला!"

ते लालबुंद झाले. पण गुरुवार तोंडावर होता. मी त्यांना बाहेर ओढत नेलं, सायकलची घंटी वाजवायला लावली, कोपऱ्यापर्यंत चालायला लावलं आणि माझ्या ओट्यावर बूट काढायला लावले. बूट काढताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचा बिल्लाच काढून घेत होतो. मग आम्ही दोघं अनवाणी, मागच्या सांदीतून, गोठ्याच्या कुडापाशी आलो. कुडाला बोटभर रुंद, उभी फट होती. हवालदारांनी तिला डोळा लावला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो.

काकू उभ्याच होत्या, रस्त्याकडे कान देऊन. शेवंतीही तशीच. मग काकूंनी पदर खाली घेतला, पाय पसरून बसल्या, डबीतून मिश्री काढली आणि घोडीच्या पायावर थोपटलं.

"गेले बाई," त्या म्हणाल्या. "टेक आता."

शेवंतीनं मान खाली सोडली.

हवालदार किती वेळ फटीला डोळा लावून होते, कुणास ठाऊक. मला मागून त्यांचा कान तेवढा दिसत होता, लाल झालेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आता हे कुडावर लाथ मारून आत घुसणार, म्हणून मी त्यांचा सदरा धरून ठेवला होता. पण ते वळले आणि हळूच म्हणाले, "रुंदी किती धरायची?"

"सव्वातीन," मी दाव्याची गाठ दाखवली. "लांबी आठ."

सहादूनं दोन दिवसांत पेटी उसवून नवी केली. तोंडातल्या तोंडात मला शिव्या देत होता, पण केली. बुधवारी संध्याकाळी हवालदार पुढची पायरी पुसायला लागले आणि माझं डोकं पुन्हा सणकलं. "अहो, पेटी मोठी केली, पण खिडकीत तुमचं तोंड दिसलं की ती परत खांब होणार. मग घाटात पडणार. काय उपयोग?"

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. मग घरात जाऊन बायकोला म्हणाले, "उद्या तू जा तिच्याबरोबर."

"मी?" काकूंना खरंच वाटेना. "लग्नाला? आजवर कधी नेलं नाय ते!"

गुरुवारी सकाळी सव्वातीन फुटी पेटीत खाली गवत, पुढच्या कोपऱ्यात गोणपाटावर यशोदाबाई. त्यांनी आत बसून हाक मारली आणि शेवंती फळीवर थबकली, फुरफुरली, चढली. हवालदार तेव्हा माझ्या घराआड उभे होते. मग येऊन केबिनमध्ये माझ्या शेजारी बसले, पायात कापडी बूट, हात मांडीवर, नजर समोर. मोहदरीत प्रत्येक वळणावर त्यांचा श्वास मला ऐकू यायचा. घाटात त्यांनी मला तीनदा टेम्पो थांबवायला लावला. तीनदा बूट काढून ते मागे गेले आणि फळ्यांच्या फटीतून बघून आले. "काय?" मी विचारायचो. "चल," एवढंच म्हणायचे. वरातीची वेळ टळत होती आणि मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धरत होतो.

भट्टीवाला रविवारी आला तो चहा पिऊनच परत गेला, हे आत्ताच सांगून टाकतो.

सिन्नरला मांडवाजवळ टेम्पो उभा केला. बँडवाले तयार, नवरदेव फेटा बांधून घामाघूम. मी इंजिन बंद केलं. मागून काकूंचा आवाज येत होता, घोडीला त्यांच्या माहेरची कसली तरी गोष्ट सांगत होत्या. मी फटीतून पाहिलं. घोडीचं अंग कोरडं, पाय फाकलेले, मान काकूंच्या मांडीपर्यंत खाली. हवालदारांनी साज काढून खांद्यावर घेतला होता. मी म्हणालो, "चला, पाडा फळी, उशीर झालाय."

ते जागचे हलले नाहीत.

"तू पाड, वाल्मीक," ते म्हणाले. "मी गेलो तर दोघी उभ्या राहतील."