उरलेले तीन रुपये

त्रेचाळीस सालची गोष्ट. कोरेगावजवळच्या त्या गावात पोस्टमन केरबा आला, की पाराला सायकल टेकवून घसा खाकरायचा आणि पुकारायचा, "सुलाबाई हंबीरराव, रुपये अठरा." सुलाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तो तिच्यासाठी मनीऑर्डर वाचायचा, ऐकायचं मात्र सगळं गाव. नवरा पलटणीत आणि त्याचा पगार गावाच्या कानात.

ज्वारी, रॉकेल, गोडेतेल, मीठमिरची यांत पंधरा जायचे. उरायचे तीन. तेवढ्या पैशांत बाजारात बाईमाणसाच्या चपला येत होत्या, आणि सुलाबाईच्या टाचा शिमग्यापासून भाकरीसारख्या भाजत होत्या.

फाल्गुनात सासरे म्हणाले, "उरल्यात न्हवं? मग तंबाकू आणून टाका." चैत्रात नणंद माहेरपणाला आली, तिला बांगड्या भरल्या. वैशाखात देवळाच्या पत्र्याची वर्गणी निघाली. तेव्हा मात्र सुलाबाईनं धीर केला.

"आत्याबाई, ह्यातनं मला चपला घ्याव्या म्हंते."

सासू हरणाबाईंचं सूप थांबलं नाही. "ज्वारी लागती. राकेल लागतं. चपलंबिगर कोन मेलंय? मी साठ उन्हाळं आनवानी काढलं."

"मग मामंजींची तंबाकू?"

"त्यास्नी लागतीच की ती."

"आन वन्सांच्या बांगड्या?"

"रीतीला लागत्यात. उरल्यालं काय एकट्याचं आसतं व्हय?"

या घरात दुसऱ्याला हवं ते 'लागतं', आपल्याला लागतं ती हौस. सुलाबाईनं दात आवळून वर्गणी दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं केरबाला पारावर जाऊच दिलं नाही. ओढ्याकाठीच गाठलं.

"भावजी, आमच्या ह्यास्नी पत्र लिवा. म्हनावं, पुढल्या म्हैन्यापास्नं पंधराच पाठवा."

केरबाची पेन्सिल थांबली. "वैनी, जास्ती पाठवा म्हनून लय पत्रं लिवली. कमी पाठवा म्हनून हे पैलंच."

"लिवा वो. म्हनावं, तीन तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. सुट्टीला येताना माझ्या चपला आणा." लुगड्याचा एक दोरा ओढून तिनं पावलाखाली धरला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि दातानं तोडला. "हे माप. कागदात घाला."

"पर सुट्टी कवा हाय त्यांची?"

"त्यास्नी तरी कुठं ठावं हाय," म्हणत ती तापल्या फुफाट्यातून घराकडे निघाली.