वकीलकाकांचा अमेरिकन पक्षकार

वकीलकाका आयुष्यात कुणाचं ऐकत नसत. अपवाद एकच, दीडशे वर्षांपूर्वी वारलेला एक अमेरिकन. तोही वकील, पुढे पुढारी झालेला, आणि आता त्याच्या स्वतःच्या गावातही फारसा कुणाला आठवत नसावा. एका जुन्या इंग्रजी पुस्तकावरून काका त्याचं मराठी चरित्र लिहीत होते. रत्नागिरीला अशा ग्रंथाची तातडीची गरज आहे, याबद्दल त्यांची खात्री होती.

डोळे अधू झाल्यावर इंग्रजी वाचून दाखवायला आणि मराठी टाइप करायला त्यांना शेजारची मी सापडले. "इंग्रजी शाळेत घातलंय ना तुला? मग काहीतरी उपयोग होऊ दे," असं माझं स्वागत झालं. मी बोलत नाही हा माझा सर्वांत मोठा गुण, असं ते काकूंना माझ्यादेखत सांगत.

मूळ पुस्तकातला अमेरिकन घोड्यावरून गावोगावच्या कोर्टांत जाई. काकांच्या हाती तो चिपळूणची तारीख आटोपून जयगडला निघाल्यासारखा फिरू लागला. तो भांडणं कोर्टाबाहेर मिटवी, हे मात्र काकांना पटेना. "बांधाचा दावा तीन महिन्यांत मिटवला? मग वकिली शिकला कशाला?" त्यांच्याकडच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दाव्यात वादी-प्रतिवादी दोघंही वारले होते, दावा ठणठणीत होता.

हा अमेरिकन निवडणुकीत हरला की काका ते पान मला पुन्हा वाचायला लावत. ते स्वतः नगरपालिकेला तीनदा उभे राहिले होते आणि तिन्ही वेळा आपटले होते. "मी पडलो नाही गो, रत्नागिरी पडली," असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग ते पान आलं. गुलामगिरीविरुद्ध भाषणं ठोकणाऱ्या या सद्गृहस्थाने मंत्रिपदाच्या आशेने, पळालेल्या गुलामांना पकडून मालकांकडे परत पाठवण्याच्या कायद्याला मत दिलं होतं.

"हे पान गाळ," काका म्हणाले.

"राहू दे, काका."

"पक्षकाराविरुद्ध वकीलच पुरावा देतो काय गो? दहा वर्षं घालवलीत मी या माणसात!"

"मग त्या पळालेल्यांचं कोण लिहिणार?" आवाज माझाच होता. मलाही तो नवीन होता.

"लिहू दे की तिला," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता काय फाशी देणारेत त्याला?"

काकांनी मला घरी पाठवलं.

आठ दिवस हाक आली नाही. चरित्र संपलं, आणि आमचं बोलणंही, असं मी धरून चालले. नवव्या दिवशी खिडकीतून काकांचा आवाज आला, "बाय, ये गो." काकांनी ते पान मला टाइप करायला तोंडी सांगितलं, एकही विशेषण न लावता. हे त्यांना आयुष्यात प्रथमच जमलं असावं. मग प्रिंट मागून घेतली आणि प्रतिज्ञापत्रावर करतात तशी खाली सही केली. नीट दिसत नसल्याने ती शेवटच्या ओळीवर चढली.

पुढच्याच महिन्यात काका गेले. दिवस झाल्यावर त्यांचा पुण्याचा मुलगा पुस्तक छापायचं म्हणून फाइल चाळू लागला.

"बाकी ठीक आहे. हे एक पान काढू या. बाबांचा हिरो होता, वाईट दिसतं."

"नाही काढता येणार, दादा," मी म्हटलं. "त्यावर वकिलांची सही आहे."