वरच्या अंकलची विमान कंपनी

दक्षिण अमेरिकेत जाणाऱ्या विमानाबद्दल आमच्या वरच्या अंकलना जेवढं ठाऊक होतं, तेवढं त्या विमानाच्या पायलटलाही ठाऊक नसेल. पायलटला फार तर विमान उडवता येतं. अंकलना त्या विमानात खिडकीशी कोण बसतं, पाव गरम मिळतो की गार, विमान टेकल्यावर टाळ्या किती वेळ वाजवायच्या आणि शेजारच्याची कोंबडी आपल्या मांडीवर आली तर काय म्हणायचं, इथपर्यंत सगळं तोंडपाठ होतं. आणि हे सगळं कधी? तर त्या विमानात पाऊल टाकायच्या तीन वर्षं आधी! कंपनी तिकडच्या एका डोंगराळ देशाची, सरकारी. तिचं नाव मी लिहीत नाही. अंकलचा तिच्यावर इतका जीव, की उगाच कुणी तिची टवाळी केली तर त्यांना आजही लागेल.

ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागात राहायचो, आमचे हे मेसईदच्या कारखान्यात होते. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये अंकल आणि आंटी. दोघं वसईचे. अंकल हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे आणि ती सवय घरीही सुटायची नाही. जिन्यात भेटले की आमच्या मुलीला म्हणायचे, “सरळ उभी राहा. श्वास घे. धरून ठेव. शाबास, सोड!” आणि पुढे चालू लागायचे. पोरगी बिचारी बराच वेळ तशीच उभी. माणूस इतका नीटनेटका, की नाइलाजाने हसू यायचं. रविवारी धुतलेली मोटार सोमवारी पुन्हा धुणार. पाहुणा सहाला येणार असेल तर साडेपाचपासून दार उघडं ठेवून उभे. एकदा आम्ही दहा मिनिटं उशिरा गेलो, तर म्हणाले, “काही हरकत नाही, मी दोनदा खाली येऊन बघून गेलो.” मी पडले साताऱ्याची, मला राहवतंय होय? म्हटलं, “अंकल, वरच्या मजल्यावर यायचं होतं, वैतरणा ओलांडायची नव्हती!”

अशा घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या माणसाने जीव लावावा तो जगातल्या सगळ्यात बेभरवशाच्या विमान कंपनीवर, ह्याला काय म्हणावं! पण कारण होतं. अंकलची मोठी बहीण त्या देशात नन होती. आई गेली तेव्हा अंकल तीन वर्षांचे आणि बहीण सोळाची. मागचे चार भाऊ तिने वाढवले, अंकल सगळ्यात धाकटे. त्यांना हॉस्पिटलात पहिली नोकरी लागली, त्या महिन्यात ती कॉन्व्हेंटमध्ये गेली. “आता माझं काम झालं,” म्हणाली. तिथून तिला त्या डोंगरात पाठवलं आणि ती कधीच परत आली नाही. घरी यायची पाळी आली की ती दुसऱ्या कुणा सिस्टरला देऊन टाकायची. अंकल तिला बाय म्हणायचे. सत्तावीस वर्षं बायला पाहिलं नव्हतं. दर वर्षीची रजा वसईला जायची. कधी घराचं बांधकाम, कधी पुतणीचं लग्न, कधी कुणाचं आजारपण. मग एकदा बायचं पत्र आलं, की हृदय अधू झालंय, डॉक्टरांनी लांबचा प्रवास कायमचा बंद केलाय. अंकलनी ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि आंटींना म्हणाले, “आता मीच जातो.”

झालं, त्या दिवसापासून तयारी सुरू. ह्यांच्या कारखान्यात त्या देशातला एक इन्स्पेक्टर आला होता. त्याला आम्ही जेवायला बोलावलं, ही आमची चूक. अंकल वही घेऊन हजर. तो बिचारा मटणाचा घास तोंडात घालतोय तोच ह्यांचा प्रश्न, “सर, सुटायची वेळ तिकिटावर असते ती कुठल्या देशाची?” तो हसून म्हणाला, “ती वेळ म्हणजे फक्त इच्छा.” अंकलनी लिहून घेतलं. त्या वहीत पुढे काय काय जमा झालं म्हणून सांगू! सीट नंबर असतो, पण खिडकी म्हातारीला द्यायची पद्धत आहे. विमान टेकलं की सगळे टाळ्या वाजवतात, न वाजवणं उद्धटपणाचं. राजधानीचा विमानतळ इतक्या उंचावर आहे, की नवा माणूस दहा पावलांत धापा टाकतो. तिथे कसल्याशा पानांचा चहा देतात, तो नाही म्हणू नये. ‘उद्या’ म्हणाले तर उद्याच समजू नये. हे शेवटचं ऐकून ह्यांनी विचारलं, “म्हणजे आपलं इन्शाल्लाच की!” तर इन्स्पेक्टरने गंभीरपणे मान हलवली. “नाही, इन्शाल्लामध्ये देव तरी जबाबदार असतो.”

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसं. अंकलनी उंचीची प्रॅक्टिस सुरू केली. कतारसारख्या तव्यासारख्या सपाट देशात उंची आणणार कुठून? तर दर शुक्रवारी मेसईदजवळच्या वाळूच्या टेकड्या चढायचे, नाक धरून. एकदा बसमधून येणाऱ्या कारखान्यातल्या फिटर लोकांनी ते पाहिलं आणि ह्यांना येऊन सांगितलं, “साहेब, तुमच्या बिल्डिंगमधले एक जण वाळूत कसला तरी नवस फेडतायत.” टाळ्यांची सवय तर अशी अंगात मुरली, की हॉस्पिटलची लिफ्ट खाली टेकली की अंकल टाळ्या वाजवायचे. आतले पेशंट घाबरून आधी बाहेर पडायचे.

आणि एका शुक्रवारी रंगीत तालीम! सकाळी आठ ते रात्री आठ, बारा तास, विमानात बसल्यासारखं बसायचं. हॉलमध्ये तीन-तीन खुर्च्यांच्या दोन रांगा. प्रवासी म्हणजे अंकल, मी, आमचे हे आणि आमची मुलगी. आंटींना ट्रे घेऊन यायचं काम. त्यांनी कंबरेवर हात ठेवून विचारलं, “मी हवाई सुंदरी होय? वीस वर्षांत साधं सुंदरी म्हणाला नाहीत, आणि आज हवाई!” पण दहा वाजता ट्रेमध्ये ऑम्लेट आणि पाव आला, आणि अंकलनी “ग्रासियास”, म्हणजे तिकडचं थँक्यू, म्हटल्यावर आंटी लाजल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमचे हे पहिल्या तासातच घोरायला लागले. अंकल म्हणाले, “हे खरे प्रवासी.” मुलगी दर दहा मिनिटांनी, “अंकल, व्हेन डू वी लँड?” आणि अंकल मान न वळवता, “इन्शाल्ला, बेटा.” मी दोन वाजता उठले, मला स्वयंपाक होता. अंकल आठपर्यंत हलले नाहीत. संध्याकाळी पायात गोळे आले, चेहरा वाकडा झाला, पण अंकल जागचे उठले नाहीत. आठला घड्याळाचा ठोका पडला तेव्हा एकट्याने टाळ्या वाजवल्या. तेव्हा मी हसले खरी, पण मनात म्हटलं, एवढी तहान मला कधी कुणाच्या भेटीची लागली होती का?

रजा मिळाली ती पंधरा दिवस. एक्स-रेला दुसरा माणूस नव्हता, साहेबांचा इलाज नव्हता. देश सोडायच्या परवान्यावर, एक्झिट परमिटवर, परतायची तारीख पक्की. त्या तारखेला दोह्यात हजर नाही, तर नोकरी खलास, व्हिसा खलास. आंटींनी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, बांधून दिली, वसईची, खास मागवलेली. मी शेंगदाण्याची चटणी दिली. शेजारपाजारच्यांनीही काही ना काही आणून दिलं. बायला आम्ही कुणी पाहिलं नव्हतं, पण तालमीला बसलेली माणसं आम्ही, आमचा हक्क होता.

पंधराव्या दिवशी अंकल परत आले. आम्ही चौघं विमानतळावर. माणूस निम्मा झाला होता, पण चेहरा असा, की जणू लग्नाहून वरात परत आली. “झाली भेट?” आंटींनी दुरूनच ओरडून विचारलं. “झाली!” अंकल तिकडून ओरडले, आणि सगळा विमानतळ आमच्याकडे बघायला लागला.

मग ती हकिगत त्यांनी दोह्यातल्या प्रत्येक मराठी माणसाला निदान एकदा सांगितली. युरोपात विमान बदलायचं होतं, तिथे पहिले चार दिवस गेले, कारण कंपनीचं विमान त्या देशाच्या राष्ट्रपतींना कुठेतरी जायचं म्हणून ते घेऊन गेले होते. दुसरा कुणी असता तर शिव्या घातल्या असत्या. अंकल म्हणायचे, “बघा, राष्ट्रपती बसतो त्या विमानात मी बसलो!” विमानात गेल्यावर म्हातारीला खिडकी दिली, पाव गरम होता, टाळ्या मनसोक्त वाजवल्या. पण राजधानीत पोचले आणि पुढचं सगळं अडलं. बायचं गाव आणखी आत, डोंगरात. पावसाने राजधानीहून तिकडे जाणारा रस्ता वाहून गेलेला. तिकडे जाणारं छोटं विमान धुक्यामुळे उडेना. रोज सकाळी अंकल काउंटरवर, रोज उत्तर ‘उद्या’. असे सहा दिवस. सातव्या दिवशी सकाळी धुकं उठलं, विमान दुपारनंतर सुटणार असं ठरलं, पण आता हातात दिवसच उरला नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी परतीचं विमान. बायच्या भागात उतरून राहिले तर पुढचं विमान तीन दिवसांनी, म्हणजे नोकरी गेली. एकच मार्ग होता; त्या विमानाने जायचं, ते तिथल्या धावपट्टीवर पंचवीस मिनिटं थांबायचं तेवढ्यात भेटायचं आणि त्याच विमानाने परत.

“पण बायला कळवणार कोण?” अंकल सांगायचे. “काउंटरवर एक बाई होती, आपल्या आंटीएवढी धिप्पाड.” इथे आंटी डोळे वटारायच्या. “सहा दिवस मला बघत होती. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, माझी बहीण नन आहे, तिला मी सत्तावीस वर्षं पाहिलं नाही. तिने माझ्यासमोर वायरलेस उचलला आणि तिकडच्या माणसावर अशी ओरडली, की मला वाटलं भांडण झालं. म्हणाली, जा, येईल ती.” आणि बाय आली. कॉन्व्हेंटपासून धावपट्टी सहा तासांवर. डॉक्टरांनी बंद केलेला प्रवास, आणि ती बटाट्याच्या ट्रकमध्ये बसून आली. अंकल विमानातून उतरले तेव्हा पत्र्याच्या शेडखाली, लाकडी बाकावर, पांढऱ्या वेषात एक छोटीशी म्हातारी बसली होती.

पंचवीस मिनिटं झाली तेव्हा कॅप्टन विमानाभोवती एक फेरी मारून आला, त्याने चाकाला एक लाथ घातली आणि जाहीर केलं, की चाक तपासावं लागेल. मग त्याने कॉफी मागवली. विमानातले सगळे प्रवासी खाली उतरले. काउंटरवरच्या बाईने त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. पंखाच्या सावलीत बसून संत्री सोलायला लागले. एका म्हाताऱ्याने आपली कोंबडी मोकळी सोडली. चाकाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पंचवीस मिनिटांचा दीड तास झाला. अंकल टेबलावर हात आपटून म्हणायचे, “वेळेवर सुटणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. कशासाठी उशीर करायचा हे कळणारी एकच!”

इथे लोक टाळ्या वाजवायचे, आणि अंकल गोष्ट संपवायचे. दीड तासात बहीणभाऊ बोलले काय, हे कुणी विचारलंच तर म्हणायचे, “बोललो की, घरचं.” आणि विषय बदलायचे. मला ते खटकायचं, पण ह्या बाबतीत मीसुद्धा तोंड उघडलं नाही.

पुढच्या वर्षी बाय गेल्याचं पत्र आलं. संध्याकाळी आम्ही वर गेलो. अंकल त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत नीट बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मग आंटीच म्हणाल्या, “दीड तास मिळाला तुम्हाला. आज तरी सांगा, काय म्हणाली ती?”

अंकल म्हणाले, “पहिली दहा मिनिटं माझा हात धरून बसली. जेवलास का विचारलं, आपल्या बोलीत. सुकेळं खाल्लं अर्धं. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपली.”

“झोपली?”

“सहा तास ट्रकमध्ये बसून आलेली ती. दमली होती.”

“किती वेळ?”

“विमान सुटेपर्यंत. कॅप्टन दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्यांदा त्याने टोपी काढली आणि जाऊन आणखी एक कॉफी मागितली.”

आंटींना रडू आणि राग एकदमच आला. “अहो, सत्तावीस वर्षांनी भेटलात, पुन्हा भेट नाही हे माहीत होतं, आणि तिला झोपू दिलंत? उठवायचं नाही?”

“कशी उठवणार?” अंकल म्हणाले. “वडील आणि आम्ही चौघे भाऊ झोपलो की मग ती आडवी व्हायची, आणि आम्ही उठायच्या आधी तिची चूल पेटलेली असायची. मी तिला झोपलेली कधी पाहिलीच नव्हती गं.”

आंटी उठल्या, ह्यांना बाजूला सरकवून त्यांनी अंकलच्या शेजारी खुर्ची ओढली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेऊन बसल्या. खाली मुलगी एकटी होती, तरी आम्हीही बराच वेळ तिथून उठलो नाही.