शेवटची ओळ

आमचं वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावला कापडाचं दुकान. नवऱ्याला एक खोड आहे, कुठलाही कागद तो खालून वर वाचतो. बिलाची शेवटची ओळ तेवढी खरी, वरचं सगळं पाल्हाळ, हे त्याचं शास्त्र. माझ्या स्तनातल्या गाठीचा तुकडा जाड सुईनं काढून तपासायला दिला होता. त्याचा रिपोर्टही त्यानं वर्ध्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तसाच वाचला. शेवटी लिहिलं होतं, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे.

तो बाकावर बसला. "काही असल्याबगर काऊन पुन्हा बलावतीन?"

मग वरच्या ओळीत त्याला कॅन्सरचा इंग्रजी शब्द दिसला. त्याच्या आधीचा 'नो' मात्र दिसला नाही. धाकटीची बारावी व्हायची आहे, एवढंच माझ्या डोक्यात घोळत राहिलं. याच्या वाचनावर विश्वास ठेवू नये हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं, पण त्या वेळी सुचतं कुणाला.

तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरबाई आमच्याकडच्याच, रोहणा गावच्या निघाल्या. त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि कागद वरून वाचायला घेतला. "काकू, गाठ साधी आहे. कॅन्सर नाई. काही ठिकाणी पेशी जास्त झाल्या, पण त्याही साध्याच. पाहता का?"

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खाली माझ्याच गाठीचा काप होता. जन्म कापडात गेला, पण असा गुलाबी-जांभळा रंग कधी दुकानात आला नाही. त्यात बारीक बारीक गोल नळ्या होत्या. प्रत्येकीला आतून एक थर, बाहेरून एक, अस्तर लावलेल्या पोलक्यासारखे.

"दोन्ही थर शाबूत आहेत. आम्ही तेच पाहतो."

"नळ्या कशाच्या?"

"दुधाच्या."

दोन लेकरं वाढवली, हे शरीर इतकी वर्षं धुतलं, झाकलं, कामाला जुंपलं, आणि आत हे असं नेटकं काम मला न विचारता चालू होतं. कुणी केलं, केव्हा केलं? मी खरंच थक्क झाले.

मग नवरा वाकला. गिऱ्हाइकाला बोलून बोलून भंडावणारा माणूस एकेक नळी निरखत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "आपले पोट्टे इथूनच दूध पेले?"

"हो," मी म्हटलं. "अन् आता तरी कागद वरून वाचत जा."

परतताना बसमध्ये रिपोर्ट माझ्या मांडीवर होता. वरून वाचत मी त्याच ओळीशी आले. सकाळी तिनंच आमचा जीव घेतला होता. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. म्हणजे सहा महिन्यांनी मी असणार आहे, असं कुणीतरी लिहून दिलं होतं.