तुमचं तुमच्याकडंच हाय

कुणाच्याही घरून निघताना तो दारात थांबायचा. खांद्यावरचं घोंगडं झटकायचा, खिसे बाहेर ओढायचा आणि म्हणायचा, "बघून घ्या, पावणं. तुमचं तुमच्याकडंच हाय."

निरगुडसरकडच्या शेतांत तो खतासाठी मेंढरं बसवायचा. तुम्ही तिकडचे असाल तर हे पाहिलं असेल, हसलाही असाल. एकदा एक बागायतदार म्हणाले, "आमच्याकडं न्यायसारखी सासूच हाय. ने तिला."

"घोंगड्यात मावायच्या न्हाईत," तो म्हणाला. आणि तरीही घोंगडं झटकलंच.

त्याची मुलगी घोडेगावात एका कचेरीत लागली. तिच्यावर कधी कुणी संशय घेतला नाही, पण संध्याकाळी शिपायापुढे पर्स उघडल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. तिची सहा वर्षांची पोर आमच्याकडे पेरू खायला यायची. जाताना फ्रॉकचा खिसा उलटा करायची. का गं, विचारलं तर म्हणाली, "आमच्यात असंच निघत्यात." नमस्कार करावा, तितक्या सहज.

मी तिच्या आजोबाचा गुरुजी. आणे गावच्या शाळेत तो तिसरीत असताना शाळेचा शिक्का हरवला. मेंढपाळाचं पोर, उशिरा येणारं. मी त्यालाच धरलं. साऱ्या वर्गासमोर घोंगडं झटकायला लावलं, खिसे उलटे करवले. काही निघालं नाही. तरी रोज शाळा सुटताना असं दाखवूनच जायचं, असा हुकूम केला. दोन महिने त्याने तो पाळला. मग शाळाच सोडली.

पुढे माझी बदली झाली. सामान बांधताना शिक्का माझ्याच ट्रंकेत, धोतराच्या घडीत निघाला. मी गप्प बसलो. नंतर भेटला की तो माझ्या पाया पडायचा आणि निघताना माझ्यापुढेही घोंगडं झटकायचा. मी बघत राहायचो. आता त्या गप्प राहण्याचाही शीण आलाय.

गेल्या महिन्यात तो वारला. शिक्का पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेलो. मुलीने चहा दिला. तो प्यालो, मेंढरांची चौकशी केली, आणि न सांगताच उठलो.

दारात ती पोर उभी. माझ्या पिशवीकडे बघत.

"आजोबा, दावा की."

"अगं, गुरुजी हायेत ते," आतून तिची आई कपबशा विसळत म्हणाली.

मी पिशवी उंबऱ्यावर उलटी केली. चष्म्याचं घर, रुमाल, लाकडी मुठीचा शिक्का. पोरीने तो उचलून फिरवून पाहिला.

"ह्यो कुणाचा?"

"तुझ्या आबाच्या खिशात मी शोधत होतो, तो. माझ्याकडंच होता."

आतला कपबशांचा आवाज थांबला.