बेसमेंटमधली कोरियन आई

न्यू जर्सीत, ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात मी कढीपत्त्याची पाकिटं चाळत उभी होते, तेव्हा डॉक्टरकाकांचा फोन आला. काका स्वतःहून फोन करणाऱ्यांपैकी नव्हेत, त्यामुळे त्यांचं नाव दिसताच पुढचं वाक्य मला जवळजवळ कळलंच. “नीला, प्रमिला गेली. पहाटे, झोपेत. त्रास झाला नाही,” ते म्हणाले आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशा कोरड्या स्वरात पुढे म्हणाले, “माईंना घरी जाऊन सांग. फोनवर सांगू नकोस.” माई म्हणजे माझ्या सासूबाई. मी कढीपत्ता परत ठेवला... आणि मग का कोण जाणे, पुन्हा उचलला. प्रमिलाकाकूंनीच तो मागवला होता.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले आहेत. मला लिहिण्याची सवय नाही. आयुष्य औषधांच्या प्रयोगशाळेत गेलं आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे तळहात ओले होतात. तरीही प्रमिलाकाकूंविषयी लिहायला बसले, की शोकाच्या आधी एक जिंकलेला दिवसच समोर येऊन उभा राहतो. त्याला मागे सारून गंभीर काही लिहावं, तर ते काकूंना आवडलं नसतं.

काकू आणि काका चाळीसएक वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आले. काका हृदयरोगतज्ज्ञ. काकूंनी घर सांभाळलं, मुलगा वाढवला आणि नंतर नात वाढवली. ही नात, इरा, कॉलेजच्या सुट्टीत आली असताना तिने आजीला एक कोरियन चित्रपट लावून दिला. त्याचं नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही, कारण आमच्यात त्याला पुढे ‘सगोत्राचा सिनेमा’ हेच नाव पडलं. डोंगरउतारावरच्या एका गावात लग्नाचे पोशाख शिवणारी एक बाई आहे. तरुणपणी तिचं ज्याच्यावर प्रेम होतं त्याचं आणि तिचं आडनाव एक, कुळाचं मूळ गावही एक. तेवढ्यावरून लग्न मोडलं. तो निघून गेला, ती तिथेच राहिली. आता तिची मुलगी एका घटस्फोटित, लेकुरवाळ्या माणसाच्या प्रेमात पडली आहे आणि ही आई, जिचं स्वतःचं प्रेम रूढीने हिरावलं, तीच आता दारात आडवी उभी आहे.

“बट आजी, दे आर नॉट इव्हन रिलेटेड! सेम लास्ट नेम, सो व्हॉट?” इरा म्हणाली.

“सगोत्र आहेत गं,” काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. तेवढ्याने त्यांना सगळं समजलं होतं आणि इराला काहीच समजलं नव्हतं.

काकूंना तो चित्रपट मैत्रिणींना दाखवायचा होता. अडचण एकच होती. मुलांकडे राहायला आलेल्या या बायकांना इंग्रजी येत होतं, पण पडद्याखालच्या ओळी वाचेपर्यंत त्या निघून जात. माईंचे तर डोळेच अधू. तेव्हा काकूंनी त्यांच्या बेसमेंटमधल्या, म्हणजे तळघरातल्या, टीव्हीचा आवाज सरळ बारीक केला, शेजारी खुर्ची टाकली आणि ओळी वाचून तिथल्या तिथे मराठीत बोलायला सुरुवात केली. वाचून दाखवणं नव्हे ते. आई बोलली की काकू आई होत, हवालदार बोलला की हवालदार. नायक पहिल्यांदा नायिकेच्या घरी येतो आणि दाराशी बूट काढून वाकून नमस्कार करतो, तिथे काकूंनी त्याच्या तोंडी “येऊ का?” असं इतक्या अदबीने घातलं, की बेसमेंटमधल्या सगळ्याजणींनी मनातल्या मनात त्याला जावई करून टाकलं.

“अगं, आधी त्याला जेवायला वाढ!” माई ओरडल्या.

“माई, ते अजून भांडतायत,” काकू म्हणाल्या.

“मग जेवता जेवता भांडू देत. पोराचं तोंड बघ कसं सुकलंय.”

“तुम्हाला दिसतंय का त्याचं तोंड?”

“आवाजावरून कळतं.”

दर बुधवारी दुपारी हे चाले. इतरही चित्रपट झाले, पण फिरून फिरून मागणी सगोत्राच्या सिनेमाचीच. वर दिवाणखान्यात डॉक्टरकाका वर्तमानपत्र घेऊन बसलेले असत. त्यांना या प्रकाराचं कौतुक नव्हतं. चहा घ्यायला वर गेलेल्या बाईला ते हमखास विचारत, “काय, रडून झालं का? की अजून मध्यंतर व्हायचंय?” बेसमेंटचं दार मात्र ते कधी लावून घेत नसत. हवा खेळती राहावी म्हणून, असं ते सांगत.

मी माईंना सोडायला जाई आणि गाडीतच बसून राही. एका बुधवारी काकू अंगणात आल्या आणि त्यांनी काचेवर टकटक केलं. मायलेकींच्या भांडणाचा प्रसंग एकाच गळ्यातून नीट उतरत नाही, मुलीचं तू बोल, असं त्या म्हणाल्या. मी नेहमीची कारणं दिली. मला जमणार नाही, मी अडखळते, मी आपली मागे बसून ऐकते.

“ऐकणाऱ्या खूप आहेत माझ्याकडे,” काकू म्हणाल्या. “मला भांडणारी मुलगी हवीय. उतर खाली.”

पहिल्या दिवशी मी जेमतेम ऐकू येईल असं बोलले. “ही मुलगी आईशी भांडतेय की बँकेत चौकशी करतेय?” काकूंनी विचारलं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यानंतर माझा आवाज जरा उघडला. पुढे पुढे तर घरी माई म्हणू लागल्या, “हल्ली मलाही उलट उत्तरं देतेस हो.” त्यात तक्रारीपेक्षा समाधानच जास्त होतं.

मग काकूंचा हात थरथरू लागला. पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. हाताचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही, पण त्या आजारात आवाजही हळूहळू विरत जातो हे मात्र त्यांना लागलं. उपचाराचा भाग म्हणून त्यांना मोठ्याने बोलण्याचे व्यायाम दिले होते. “लहानपणापासून हळू बोल, हळू बोल म्हणून कानीकपाळी ओरडले सगळे,” त्या मला म्हणाल्या, “आणि आता या वयात मला ओरडायची शिकवणी!” त्या हसल्या, मग माझा हात धरून म्हणाल्या, “नीला, एकदा मोठ्या पडद्यावर करायचा. अनोळखी माणसांसमोर. आवाज आहे तोवर.”

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. आम्ही दोघी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. ते काकूंच्या मुलाच्या वयाचे, सभ्य गृहस्थ. “काकू, तुमचा उत्साह ग्रेटच आहे,” ते म्हणाले, “पण दिवाळीच्या प्रोग्रॅमला आपल्या संस्कृतीतलं काहीतरी हवं ना? कोरियन मूव्ही जरा ऑड वाटेल.”

“सगोत्र म्हणून मोडलेलं लग्न आपल्या संस्कृतीतलं नाही? मग बाबा, तुमच्या संस्कृतीत राहतं कोण?” काकूंनी विचारलं.

स्टेज काही मिळालं नाही. शेवटी गावच्या लायब्ररीने आपला हॉल दिला आणि चित्रपट जाहीरपणे दाखवण्याची परवानगीही मिळवून दिली. प्रोजेक्टर चालवायला माणूस मिळेना, तेव्हा डॉक्टरकाका म्हणाले, “बटण दाबायचं तर आहे. मी दाबतो. बाकी त्या रडारडीशी माझा संबंध नाही.”

त्या दुपारी हॉल भरला. बुधवारच्या आम्ही सगळ्या होतोच, पण सुना आल्या, काही मुलगे आले, इरा मित्रमैत्रिणींना घेऊन आली आणि दाराजवळ मंडळाचे अध्यक्षही उभे दिसले. पडद्याच्या एका बाजूला दोन खुर्च्या, दोन माइक. काकूंनी मोतिया रंगाची सिल्कची साडी नेसली होती. पहिल्या तासात त्यांचा आवाज असा लागला, की त्यांना काही झालंय हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. मायलेकींच्या भांडणात मी माझ्या आयुष्यात कुणाशी भांडले नसेन तशी भांडले. भांडण संपताच हॉलमध्ये टाळी पडली. काकूंनी माइकवर हात ठेवला आणि त्या कुजबुजल्या, “शाब्बास. आता नाही बँकेत.”

मग शेवटचा प्रसंग आला. बसथांब्यावर मुलगी बॅग घेऊन उभी आहे. आई धापा टाकत येते. सगळ्यांना वाटतं की ती मुलीला परत न्यायला आली आहे. या ठिकाणी काकू नेहमी एक श्वास थांबत आणि मग बोलत. त्या दिवशी त्या थांबल्या... आणि थांबूनच राहिल्या. ओठ हलत होते, पण माइकमधून फक्त श्वास ऐकू येत होता. पडद्यावरची आई कोरियन भाषेत बोलू लागली होती. ओळी आल्या तशा निघून चालल्या होत्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य मला पाठ होतं, पण मी त्यांची मुलगी होते, त्यांचं वाक्य माझ्या तोंडून फुटेना.

तेवढ्यात हॉलच्या मागून, प्रोजेक्टरच्या टेबलावरून, एक जाडाभरडा आवाज आला.

“मी थांबले होते. तू थांबू नकोस.”

डॉक्टरकाका उभे होते. जन्मात जे बेसमेंटची पायरी उतरले नव्हते, त्यांनी काकूंचं वाक्य काकूंच्याच ठेक्यात म्हटलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. कुणीही हसलं नाही. पुढची ओळ माई म्हणाल्या, ज्यांना पडदा दिसतही नव्हता. तिसऱ्या ओळीला बुधवारच्या साऱ्याजणी सामील झाल्या आणि त्या कोरियन आईने आपल्या मुलीची निरोपाची समजूत आमच्या सगळ्यांच्या गळ्यातून काढली. मी मधल्या जागी मुलीची वाक्यं म्हणत गेले. काकूंचा थरथरता हात हवेत उठला होता आणि त्या बोटांनी एकेकीला खुणावत होत्या. तू हळू... आता सगळ्या... आता थांबा. बस निघून गेली. रिकाम्या रस्त्यावर आई एकटी उभी राहिली आणि हॉलमधली सगळी माणसं तिच्यासाठी उभी राहिली.

दिवे लागल्यावर काका पुढे आले. काकूंचा आवाज थोडा परतला होता. “अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही तर पेपर वाचत होतात ना?”

“वाचतच होतो,” काका म्हणाले. “तुझा आवाज वरपर्यंत यायचा, त्याला मी काय करू?”

मागून इरा धावत आली आणि आजीच्या गळ्यात पडली. “आजी, आय गेट इट नाऊ,” ती एवढंच म्हणाली. अध्यक्षांनी पुढच्या दिवाळीला हाच कार्यक्रम करण्याची विनंती केली. “तारीख आम्ही कळवू,” असं काकूंनी त्यांना अत्यंत गोड आवाजात सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचा आवाज गेला तो गेलाच. पण बुधवार चुकला नाही. आम्ही बोलत असू आणि त्या टीव्हीशेजारच्या खुर्चीत बसून बोटांनी आम्हाला चालवत. एखादी भावनेच्या भरात जास्त गळा काढू लागली, की त्या डोळे मिटून मान फिरवत. याहून कडक टीका मी ऐकलेली नाही. माझ्या समजुतीने त्या हरल्या नाहीत. जी गोष्ट त्यांच्याकडून जाणार होती, ती जाण्याआधीच त्यांनी आमच्यात वाटून टाकली होती.

काकू गेल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी आम्ही जमलो खऱ्या, पण कुणाला काही सुचेना. इराने पाठवलेला एक नवा चित्रपट होता, कुणीच न पाहिलेला. हवालदार कोण, नायिका कोण, हे ठरलं. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टरकाका कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. इतकी वर्षं ती त्यांच्याच घरात असूनही त्यांना नवी होती.

“यात आई आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे,” मी म्हटलं.

“मग लाव.” ते काकूंच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा पुसला.

चित्रपट सुरू झाला. बर्फात कुणीतरी दार ठोठावलं, एका म्हाताऱ्या बाईने ते उघडलं. काकांना ओळ वाचायला क्षणभर उशीर झाला, मग ते म्हणाले, “या, आत या. बाहेर थंडी आहे.” इतक्या आपुलकीने म्हणाले, की आम्ही सगळ्याजणी सोफ्यावर नकळत सरकून बसलो... आणि मध्ये एक जागा झाली.