साकूचा डावा गुडघा

माझा धाकटा भाऊ सागिनाली, घरातला साकू, आमच्या कोचकोर गावच्या व्यायामशाळेत पोरांना वजन उचलायला शिकवतो. डावा पाय जरा ओढत चालतो. लोक म्हणतात, माणूस सोन्यासारखा, पण खेळाडू म्हणून बेताचाच होता. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बेताचा म्हणे! पाहिलंय का कुणी त्याला वजनाचा दांडा डोक्यावर नेताना? मी पाहिलंय. तो स्वतः मेला तरी बोलायचा नाही, म्हणून मी बोलतेय.

आई लवकर गेली. मी नवऱ्याला सोडून माहेरी परत आलेली, त्यामुळे घर माझ्याच गळ्यात पडलं. मी थोरली, मग साकू, आणि शेंडेफळ आमची बहीण आयझिरेक. बाबा घोडे पाळायचे. शब्द कमी, हुकूम जास्त. जीव लावायचे, पण ते त्यांनी कधी तोंडानं बोलून दाखवलं नाही.

सामूहिक शेती मोडली तेव्हा गावातलं लोकरीचं गोदाम रिकामं पडलं. तिथं नसिर्दिन मास्तरांनी फळ्या टाकल्या, कुठून कुठून गंजके दांडे आणि चकत्या गोळा केल्या आणि झाली व्यायामशाळा. हिवाळ्यात लोखंड तळहाताला चिकटायचं. साकू सकाळी घोडे पाण्यावर नेऊन आणायचा, की लगेच तिकडे पळायचा. एकदा मी त्याचं जेवण घेऊन गेले, तर माझ्या डोळ्यांदेखत पठ्ठ्यानं एकशे पंच्याहत्तर किलो डोक्यावर नेलं आणि खांबासारखा उभा राहिला. मास्तरांनी टोपी काढून जमिनीवर आपटली. म्हणाले, "झुराकान, उन्हाळ्यात राजधानीत, बिश्केकला निवड आहे. तुझा भाऊ देशाच्या संघात गेला म्हणून समज!" साकू लाजून हातावरचा खडू पुसत राहिला. त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं, एवढं मी छातीठोक सांगते.

मग डाव्या गुडघ्याच्या दुखण्यानं डोकं वर काढलं. वाटीच्या खाली, बोटभर जागेत दुखायचं. साकूनं लपवलं. पण जेवायला कापड अंथरलं की आम्ही सगळे मांडी घालून बसतो, आणि हा पाय पसरायला लागला. मोठ्यांसमोर पाय पसरणं म्हणजे आमच्यात तोंडावर अपमान. बाबा म्हणाले, "पाय आवर." यानं आवरला. त्याच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दंडाला धरून मास्तरांकडे नेलं. मास्तर भडकले. "दुखणं अंगावर काढून दांडा उचलतोस? ही मर्दुमकी नाही, गाढवपणा आहे!" मग त्यांनी त्याला नव्यानं सुरुवात करायला लावली. वजन निम्म्यावर आणलं, खोल बैठका बंद केल्या. भिंतीला पाठ टेकून अर्ध्या बैठकीत थांबायचं, मग हलक्या वजनानं सावकाश खाली, सावकाश वर. "थोडं दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी उठल्यावर गुडघा कुरकुरला, तर मुकाट्यानं मागे यायचं. तिथं गुडघ्याचं ऐकायचं, माझंसुद्धा नाही."

साकूनं ऐकलं. पोरं हसायची, "काय रे, म्हातारीसारखा उचलतोयस?" तरी ऐकलं. हळूहळू दुखणं मागे हटलं, वजन वाढत गेलं. मास्तर म्हणाले, अजून थोडी कळ काढ, निवडीपर्यंत खोल बैठकही येईल. बाबा एकदा गोदामात डोकावून गेले. त्यांना मुलगा दांडा उचलताना दिसला. त्यांच्या लेखी गुडघा बरा झाला.

आणि आयझिरेकचं लग्न आलं.

व्याही मंडळी डोंगरापलीकडची. व्याह्यांनी व्याह्यांची टर उडवायची, हा आमच्याकडचा मानच आहे, कुणी रागवायचं नाही. मटण झालं, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे फिरले. बाबांनी भेट म्हणून शिंगरू पुढं आणलं. त्यावर थोरला व्याही इशेनबाय बाबांना मोठ्यांदा म्हणाला, "तोलोमुश, तुमच्या आजोबांनी म्हणे शिंगरू खांद्यावर घेऊन पाहुण्याला दिलं होतं. आता तुमच्या घरात एक पैलवान आहे असं ऐकतो. की तो नुसतं लोखंडच उचलतो? लोखंड काही लाथ मारत नाही!"

सगळे खो खो हसले. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "साकू, ऊठ."

मी कढईपाशी होते. तिथूनच ओरडले, "बाबा, त्याचा गुडघा!"

"झुरा, तू तुझी कढई सांभाळ."

व्याही आणखी हसले. साकूनं एकदा माझ्याकडं पाहिलं. वडिलांना व्याह्यांसमोर नाही म्हणायचं? असा मुलगा आमच्यात जन्मायचाय अजून. तो उठला. शिंगराच्या पोटाखाली खांदा घालायला खोल बसावं लागलं, मास्तरांनी बंद केलेलं होतं तितकं खोल. उठला. टाळ्या पडल्या. दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात शिंगरानं अंगाला हिसडा दिला आणि सगळा भार डाव्या पायावर आला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मी तो ऐकला. बाबांनीही ऐकला.

त्याच क्षणी शिंगरू टाकून दिलं असतं, तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं. पण नवरीच्या भेटीचं जनावर खाली पडणं अशुभ, आणि समोर आयझिरेक डोक्याला नवरीचा पांढरा रुमाल बांधून उभी. साकूनं शिंगरू दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं, आणि त्याच पायावर हळूहळू खाली बसत त्याला अलगद जमिनीवर ठेवलं. शिंगराला ओरखडासुद्धा आला नाही. साकूला मात्र पुन्हा उठता आलं नाही.

बिश्केकच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. वाटीखालचा स्नायूचा दोर पार तुटला होता. पाय वाचला, चालता येईल, म्हणाले. वजन उचलण्याचं विचारल्यावर म्हणाले, ते आता विसरा.

घरी आणल्यावर बाबा त्याच्या गादीशी बसून राहायचे. बोलायचे नाहीत, धड जेवायचे नाहीत. मी मटणाचा रस्सा पुढं ठेवायची, तो तसाच निवून त्यावर चरबी थिजायची. घोडे शेजाऱ्यांनी सांभाळले. मला सुरुवातीला त्यांचा इतका राग होता, की वाटायचं, नका जेवू! पण नंतर त्यांच्या मनगटाची हाडं दिसायला लागली आणि मला भीती वाटू लागली. साकूलाही वाटत असावी.

निवडीच्या दिवशी मास्तरांचा फोन आला. साकूनं फोन कानाशी दाबून धरला, पण मी अगदी शेजारीच त्याची उशी सारखी करत होते, मला सगळं ऐकू आलं. मास्तर रडत होते. "साकू, निवडलेल्या पोरानं एकशे सत्तर उचलले रे. एकशे सत्तरवर गेला संघात."

साकूनं फोन ठेवला. बाबांनी किती दिवसांनी मान वर केली. "किती उचलले, जो निवडला गेला त्यानं?"

"एकशे नव्वद," साकू म्हणाला.

"आणि तू किती उचलायचास?"

"त्याच्या जवळपासही नाही, बाबा. मास्तर उगाच आशा लावत होते. गुडघा धड असता तरी माझ्यानं झालं नसतं."

मी तोंड उघडलं. साकूनं पांघरुणाखालून माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली. बाबा बराच वेळ त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले. मग त्यांच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला. मला म्हणाले, "झुरा, काही खायला आहे का?" त्या दिवशी ते पोटभर जेवले.

आणि मग ते बोलायला लागले. आयुष्यभर न बोललेला माणूस, बाजारात, कुंपणापाशी, भेटेल त्याला सांगायचा, "साकूचं तसं काही गेलं नाही हो. त्याच्यानं होणारच नव्हतं." लोकांनीही ते खरं धरलं. मास्तर खवळून आमच्या दारात आले होते, तर साकूनं त्यांना घराच्या मागे नेऊन हात जोडले. तेही गप्प झाले.

आयझिरेकला मुलगा झाला. पाळण्याच्या समारंभाला पुन्हा सगळे व्याही जमले. इशेनबायनं सगळ्यांसमोर मान खाली घालून साकूची माफी मागितली. म्हणाला, माझ्या जिभेनं तुझं वाटोळं झालं. बाबांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "मनाला लावून घेऊ नका हो व्याही. हा काही फार मोठा खेळाडू नव्हता. विचारा त्यालाच. काय रे साकू?"

साकू कापडापाशी बसला होता. डावा पाय आता दुमडतच नाही, म्हणून पसरलेला. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं वळल्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल रे माझ्या राजा, आता तरी बोल.

"खरंय," तो म्हणाला. "मी बेताचाच होतो." आणि त्यानं पाव तोडून पहिला तुकडा बाबांच्या पुढं ठेवला.